मिस्त्रीला बयाणा देण्याआधी

(विहाराच्या वर्षावास कार्यक्रमात रविवारच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीट लावून दिला आहे.)



आजचा विषय फळ्यावर वाचून काही मंडळी हसली. वर्षावासात धम्मावर बोलायचे सोडून हा गिरणीवाला लादी, गिलावा आणि कंत्राटदाराच्या कागदांवर काय बोलणार, असे मागे कुणीतरी म्हणाले. ते आमच्या कानावर आले. साचेखात्यात आयुष्य गेले तरी कान अजून शाबूत आहेत आमचे. पण समितीने विषय उगीच दिलेला नाही. या उन्हाळ्यात आपल्या वस्तीत अकरा घरांची कामे निघाली. त्यांतल्या तीन घरांची भांडणे रात्री दहा-दहा वाजता आमच्या दारात आली. तिन्ही ठिकाणी आम्ही एकच प्रश्न विचारला, कागद काय आहे? तिन्ही ठिकाणी उत्तर एकच आले, "कागद कसला काका, ओळखीचा माणूस होता."

आम्ही वकील नाही, इंजिनिअर नाही. एकोणिसाव्या वर्षी वडिलांच्या जागी बदली म्हणून गिरणीत लागलो, रात्रशाळेत दहावी केली, पुढचे शिक्षण युनियनच्या ऑफिसात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. २०२० च्या टाळेबंदीत आमची गिरणी थांबली. तेव्हापासून लोकांचे अर्ज लिहिणे हेच काम झाले आहे. तेव्हा आम्ही सांगतो ते ठेचा खाऊन शिकलेले आहे. पहिली ठेच याच विहारात लागली. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

२०१५ साली विहाराचे पत्रे बदलायचे ठरले. आम्ही तेव्हा खजिनदार होतो. घरोघर फिरून वर्गणी जमा केली, एक लाख अठ्ठेचाळीस हजार रुपये झाले. पलीकडच्या गल्लीतला एक कंत्राटदार होता, नात्यातला, आपल्याच पंगतीत जेवणारा. जुने पत्रे काढणे, नवे घालणे, आतून गिलावा आणि रंग, सगळे मिळून एक लाख वीस हजारांत करतो म्हणाला. चहा पिता पिता ठरले. साठ हजार रुपये आम्ही सगळ्यांच्या देखत दिले. आठ-पंधरा दिवसांनी दुसऱ्या पाळीला जाताना तो गिरणीच्या गेटवर भेटला, पत्र्याच्या गाडीचे पैसे द्यायचे आहेत म्हणाला. आम्ही तीस हजार तिथेच हातात दिले आणि आमच्याच डायरीत लिहून ठेवले. त्याची सही नाही, साक्षीदार नाही.

मे महिना संपत आला तेव्हा अर्धे पत्रे चढले होते. तो म्हणाला, लोखंडी अँगल सडले आहेत, ते बदलायचे पैसे वेगळे. आम्ही म्हणालो, पत्रे बदलणे म्हणजे अँगलसकटच. तो म्हणाला, असे कुठे ठरले होते? आणि खरे सांगायचे तर, कुठेच ठरले नव्हते. ना त्याच्या बाजूने, ना आमच्या. काम थांबले. जूनमध्ये पाऊस आला. बुद्धमूर्तीवर प्लास्टिक बांधून आम्ही चार जण रात्रभर बादल्या रिकाम्या करत बसलो. ग्रंथांचे कपाट भिजले ते भिजलेच.

मग सभा झाली. कंत्राटदार उभा राहून म्हणाला, मला साठच हजार मिळाले. आम्ही डायरी दाखवली. डायरी आमची, अक्षर आमचे, तिला कोण विचारतो? तेव्हा एक मावशी उठल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी पाचशे रुपये दिले होते. त्या भांडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाल्या, "दादा, तुम्ही खोटं बोलणार नाही हे मला माहीत आहे. पण पावती दाखवा." आमच्याकडे पावती नव्हती. युनियनमध्ये पंचवीस वर्षे मालकाकडे कागद मागणारे आम्ही, आणि आमच्याकडेच कागद नव्हता. ते तीस हजार आम्ही महिन्याला तीन हजार याप्रमाणे दहा हप्त्यांत विहाराच्या खात्यात भरले. पैशाचे दुःख झाले नाही असे नाही, पण त्याहून मोठे दुःख हे की दोन घरांनी त्यानंतर वर्षभर आमच्याशी बोलणे टाकले.

आणखी एक गोष्ट त्याच कामात झाली. ती आम्ही सभेत फारशी सांगत नाही. जुने पत्रे उतरवताना एक बिगारी पोरगा परांचीवरून पडला. वीस-बावीस वर्षांचा, मराठवाड्यातून आलेला, हाताचे हाड मोडले. सरकारी इस्पितळात आम्हीच नेला. कंत्राटदार म्हणाला, तो नाक्यावरून एका दिवसासाठी आला होता, माझ्या माणसांत नाही. समिती म्हणाली, आम्ही तर कंत्राट दिले होते, माणूस ठेवला नव्हता. म्हणजे तो पोरगा कुणाचाच नव्हता! त्याचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. वर्गणी करून त्याला गाडीभाडे आणि चार हजार रुपये दिले. प्लास्टर घातलेल्या हाताने तो गावी गेला. पुढे काय झाले ते आम्हाला माहीत नाही.

कागदाची किंमत खरे तर आपल्या गिरणगावाला कुणी सांगायला नको. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २८ जून २०१२ रोजी निघाली, ६,९२५ घरे होती. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र. पण पटावर होता हे दाखवायचे कशाने? तिकीट नंबरचे कार्ड, ईएसआयचे कार्ड, फंडाची पावती, पगाराची चिठ्ठी, काहीतरी पाहिजे. आमच्या चाळीत एका कालकथित विणकराच्या पत्नीने पत्र्याच्या पेटीतल्या सगळ्या चिठ्ठ्या घर बदलताना रद्दीत घातल्या होत्या. तीस वर्षांची नोकरी रद्दीच्या भावाने गेली. त्यांच्यासाठी फंडाच्या ऑफिसात किती खेटे घातले ते आमचे आम्हाला ठाऊक. एवढे पाहूनही आम्ही २०१५ साली कंत्राटदाराला कागदाशिवाय पैसे दिले. माणूस असा असतो.

आता कामाचे बोलू.

पहिला कागद परवानगीचा. काम सुरू करण्याआधी हे बघा की घर कसले आहे. पागडीची खोली असेल तर मालक आला, सोसायटी असेल तर कमिटी आली, जुनी उपकरप्राप्त इमारत असेल, म्हणजे सप्टेंबर १९६९ पूर्वीची आणि दुरुस्ती उपकर भरणारी, तर म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आले. महापालिका तर सगळ्यांच्याच वर. पण म्हणून घाबरून जायचे कारण नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३४२ आहे. घरात फेरफार करायचा तर त्याखाली नोटीस द्यावी लागते. मात्र किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही. गिलावा, रंग, लादी बदलणे, नळ, पाईप, संडासाची भांडी, विजेच्या फिटिंग बदलणे, छप्पर त्याच मालाचे नवे करणे, ही किरकोळ दुरुस्ती. पण उंची वाढवली, भिंत सरकवली, पोटमाळा नवा घातला किंवा वाढवला, मोरी-संडासाची जागा बदलली, कौले काढून स्लॅब टाकला, की ती दुरुस्ती राहत नाही. तेव्हा "साहेबांना मी सांभाळतो" असे म्हणणाऱ्या कंत्राटदाराला विचारा, सांभाळण्याची पावती मिळते का? नोटीस घराच्या दारावर चिकटते, कंत्राटदाराच्या नाही.

पागडीवाल्यांनी एक लक्षात ठेवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम केले तर खोली खाली करून घेण्याचे कारण मालकाला मिळते. तोंडी "करा करा" म्हणालेला मालक पुढे मेला किंवा त्याने इमारत विकली तर नवा मालक विचारणार, लेखी कुठे आहे? पण त्याच कायद्यात हेही लिहिले आहे की महापालिकेची परवानगी जिथे लागते तिथे ती घेऊन केलेला उभा ओटा, लाकडी पार्टिशन, दरवाजा, हवेसाठी खिडकी, असल्या गोष्टी कायमचे बांधकाम धरत नाहीत. ओट्यासाठी घाबरवणारा मालक भेटला तर हे त्याला सांगा. आणि मालक आपल्या वाट्याची दुरुस्ती करतच नसेल तर त्याला निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन, वाजवी वाट पाहून, भाडेकरूंनी स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा, अशीही तरतूद आहे. वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त कापता येत नाही. पागडीचे भाडे बघता चौथा हिस्सा म्हणजे वडापावचे पैसे, पण हक्क तो हक्क.

ज्यांना गिरणी कामगार म्हणून २२५ चौरस फुटांचे घर लागले त्यांचा मोह आम्ही समजू शकतो. जागा लहान, मधली भिंत काढली तर खोली मोठी दिसते. पण बंधूंनो, ती भिंत विटांची आहे की इमारत तोलून धरणारी काँक्रीटची, हे मिस्त्रीने हातोडी आपटून ठरवायचे नसते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र आणि सोसायटीची लेखी परवानगी, दोन्ही हातात आल्याशिवाय भिंतीला हात लावू नका. तुमच्या डोक्यावर वीस-बावीस मजले लोक झोपलेले असतात.

दुसरा कागद अंदाजपत्रकाचा. तिघांकडून घ्या. आणि तिघांना एकच यादी द्या, नाहीतर एकाचा भाव मालासकट, दुसऱ्याचा मजुरीवर, तिसऱ्याचा अर्धा असा अर्धा तसा, तुलना करणार कशी? यादी तुम्ही करा. टेप घ्या, मुलाला वही धरायला सांगा. लादी किती चौरस फूट, गिलावा किती ब्रास (शंभर चौरस फुटांचा एक ब्रास), ओट्याचा कडप्पा किती रनिंग फूट. "मोरी करून देणे" असे लिहून चालत नाही. जुनी लादी फोडणे, वॉटरप्रूफिंग, पाईप बदलणे, किती उंचीपर्यंत टाइल्स, नळ कोणत्या कंपनीचे, राडारोडा खाली नेणे आणि उचलून नेणे कुणाकडे, हे एकेक लिहायचे. आमच्या अनुभवाने अर्धी भांडणे राडारोड्यावरून होतात. पोती जिन्यात पडून राहतात आणि शेजारीण बोलते ती तुम्हाला. विजेचे काम असेल तर तारेची जाडीही लिहा, साध्या दिव्या-पंख्याला दीड, प्लगला अडीच, एसीला चार चौरस मिलिमीटर. विजेचा भार वाढवून घ्यायचा तर परवानाधारक इलेक्ट्रिक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तो कुणी द्यायचा हेही त्याच यादीत.

सगळ्यात कमी भावाला भुलू नका, असे सगळेच सांगतात. आम्ही म्हणतो, कमी भाव का आहे ते विचारा. कधी तो खरेच स्वतः हाताने काम करणारा मिस्त्री असतो, मधला दलाल नसतो. कधी यादीतले दोन आकडे गाळलेले असतात.

तिसरा कागद कराराचा. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, १८७२ च्या करार कायद्यात तोंडीला मनाई नाही. पण सिद्ध कसा करणार? म्हणून लिहा. मराठीत लिहा. मराठीतला करार कोर्टात चालत नाही असे कुणी सांगितले तर ते खोटे आहे. इंग्रजी छापील कागदावर न वाचता सही करण्यापेक्षा वहीच्या पानावर मराठीत लिहिलेल्या पाच ओळी बऱ्या. स्टॅम्प पेपरवर केला तर उत्तमच. ऑक्टोबर २०२४ पासून करारासाठी शंभर-दोनशेचा कागद चालत नाही, कमीत कमी पाचशेचा लागतो. रक्कम मोठी असेल तर मुद्रांक जास्त लागतो, ते आधी विचारून घ्या.

करारात कंत्राटदाराचे पूर्ण नाव, राहण्याचा पत्ता, आधार आणि पॅनची झेरॉक्स त्याच्या सहीसकट. नुसता मोबाईल नंबर म्हणजे पत्ता नव्हे, नंबर दोनशे रुपयांत बदलतो. अंदाजपत्रकाची यादी मागे जोडा आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. काम कधी सुरू, कधी पूर्ण. उशीर झाला तर दर आठवड्याला किती कापायचे. तिथे अव्वाच्या सव्वा आकडा लिहू नका, कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देते, लिहिलेल्याहून जास्त तर कधीच नाही. वाढीव काम लेखी ठरल्याशिवाय करायचे नाही आणि त्याचे पैसे मागायचे नाहीत, हे वाक्य मात्र विसरू नका. विहाराची सगळी वाट त्या एका वाक्याअभावी लागली.

आता पैसे. रमाई आवासचे घरकूल गावाकडे ज्यांना मिळाले त्यांना माहीत आहे, सरकार एकदम रक्कम देत नाही. जोते झाले, फोटो काढला, हप्ता. भिंती झाल्या, फोटो, हप्ता. तेव्हा आपण सरकारच्या नावाने ओरडतो. पण स्वतःचे पैसे देताना मात्र अर्धे आधीच देऊन मोकळे होतो. बयाणा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त नको. माल आला की काही, फोडकाम आणि पाईप झाले की काही, लादी बसली की काही, असे टप्पे करारातच लिहा. शेवटचे पाच-दहा टक्के हातात ठेवा. छताचे किंवा वॉटरप्रूफिंगचे काम असेल तर एक पावसाळा जाईपर्यंत ठेवा. हमी द्यायची म्हणणाऱ्याने ती लेटरहेडवर लिहून द्यावी, किती वर्षांची, कशाची, आणि गळले तर कोण काय करणार.

पैसे चेकने किंवा बँकेतून द्या. मोबाईलवरून पाठवलेत तर कशासाठी ते शेरा म्हणून लिहा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला आहे, हे कंत्राटदारालाही माहीत नसते. रोख द्यावेच लागले तर पावती. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट आणि त्यावर आडवी सही. एक रुपया! आमचे तीस हजार त्या एका रुपयाअभावी गेले.

जीएसटीच्या नावाने अलीकडे नवी लूट चालते. बिलात खाली अठरा टक्के लावलेले असतात आणि माणूस मुकाट भरतो. कर मागणाऱ्याला विचारा, तुमचा नंबर काय? पंधरा अक्षरी नंबर असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो घातला की कुणाच्या नावाचा आहे आणि चालू आहे की रद्द, ते दिसते. शाळकरी पोरगीसुद्धा बघून सांगेल. अशा कामातली वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या लहान मिस्त्रीला सहसा नोंदणी सक्तीची नसते, आणि ज्याची नोंदणीच नाही त्याला कर गोळा करण्याचा अधिकार नाही. उलट खरा नोंदणी असलेला माणूस "बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील" म्हणाला तर विचार करा. बिल गेले की तक्रारीचा पायाच गेला.

विहारासारख्या नोंदणीकृत न्यासाचे थोडे वेगळे आहे, समितीच्या तरुणांसाठी सांगतो. कामाचा ठराव इतिवृत्तात पाहिजे, तिन्ही अंदाजपत्रके फाईलला पाहिजेत, कारण वर्षाच्या शेवटी हिशेब तपासनीस विचारणार. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिले तर आयकराच्या हिशेबात तो खर्च धरत नाहीत. कंत्राटदाराला एका वेळी तीस हजारांवर किंवा वर्षात लाखावर रक्कम गेली तर न्यासाने त्यातून कर कापून भरायचा असतो, एकट्या माणसाचा धंदा असेल तर एक टक्का. २०१५ साली यातले आम्हाला काहीही माहीत नव्हते, आणि आम्ही खजिनदार होतो.

चौथी गोष्ट कामगारांची. ती कुणी करारात लिहीत नाही म्हणून आम्ही मुद्दाम जास्त वेळ घेणार आहोत. कामावर येणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव, गाव आणि घरच्यांचा फोन कंत्राटदाराने रोज वहीत लिहायचा, अशी अट घाला. अपघात झाला तर औषधपाणी आणि भरपाई कंत्राटदाराकडे, त्यासाठी कामगार भरपाईचा विमा, त्याची झेरॉक्स आपल्याकडे. चार-सहा माणसांच्या कामाला हा विमा फार महाग पडत नाही. चौदा वर्षांखालचे पोर कामावर दिसले तर काम बंद करा. तो गुन्हा आहे आणि आपल्या डोळ्यांदेखत होतो आहे. मोरी फोडायला आलेला बिगारी हा कालचा आपला बाप आहे, आपले बापही असेच कुणाच्या तरी वहीत नाव नसलेले मुंबईत उतरले होते.

आपल्यातही गवंडी आहेत, प्लंबर आहेत, नाक्यावर उभे राहणारे आहेत. १८ ते ६० वयाच्या बांधकाम कामगाराने वर्षभरात ९० दिवस काम केले असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी होते. मुलांना शिष्यवृत्ती, आजारपणात मदत, अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे, असे लाभ आहेत. पण ९० दिवसांचा दाखला लागतो आणि कंत्राटदार तो द्यायला टाळतो. मग तुमच्या घरी बारा दिवस काम झाले तर त्याच्या बारा दिवसांची नोंद तुमच्या वहीत राहू द्या आणि दाखला देण्याची अट करारात घाला.

कागद मिस्त्रीच्याही उपयोगाचा आहे. आपल्याच वस्तीतल्या एका गवंडी भावाचे बावीस हजार रुपये एका बंगलेवाल्याने बुडवले. काम पसंत नाही म्हणाला. पसंत म्हणजे काय हे कुठे लिहिले होते? केलेल्या कामाच्या पैशासाठी तीन वर्षांत दावा करता येतो, पण हा भाऊ कोर्टात काय दाखवणार, हाताचे घट्टे? तेव्हा मिस्त्री लोकांनी कागदाला अपमान समजू नये. "माझ्यावर विश्वास नाही का?" असे जो विचारतो त्याला म्हणायचे, विश्वास आहे म्हणून तर काम दिले, कागद आठवणीसाठी आहे.

एवढे करूनही बिनसले तर? आधी लेखी नोटीस, साध्या भाषेत, स्पीड पोस्टाने, पोहोच जपून ठेवा. अर्धवट कामाचे फोटो काढा, मोबाईलवरचे बोलणे पुसू नका, तेही पुरावा म्हणून दाखल करता येते. मग ग्राहक आयोग. घर बांधून देणे, दुरुस्त करून देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवा आहे. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असे नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. १९१५ या नंबरवर फोन केला तर माहिती मिळते. पण तिथेही पहिला प्रश्न हाच, पैसे दिल्याचे कागद?

दिवाणी दावा करायची पाळी आली तर वकिलाच्या फीला घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला, स्त्रीला आणि औद्योगिक कामगारालाही मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, त्यामुळे जातीचा दाखला असेल तर उत्पन्नाची अटही येत नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची खिडकी असते. आपल्या वस्तीतून आजवर तिथे तीनच माणसे गेली आहेत, तिन्ही वेळा आम्ही बरोबर होतो. हक्क असून माणसे जात नाहीत याचा आम्हाला राग येतो, दुसरे काय!

२०१९ साली विहाराच्या मागचे संडास आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले, ते सगळे कागदावर केले. तेव्हाही वाद झाला. कंत्राटदार म्हणाला, खालचा पाईप वेगळा. कागद उघडला, दुसऱ्या पानावर "पाईपसह" असे होते. तो हसला आणि पाईप घातला. पुढे आम्ही मध्येच एक पाण्याचा ओटा वाढवून मागितला होता, त्याचे साडेसात हजार लेखी ठरलेले होते. समितीतल्या एकाला ते विसरायचे होते. पुन्हा कागद उघडला आणि साडेसात हजार द्यावे लागले. ज्याचे त्याला मिळाले. शेवटचे दहा टक्के पावसाळा गेल्यावर ऑक्टोबरमध्ये दिले. गच्ची गळली नाही.

त्या कराराची नक्कल, यादीचा कोरा नमुना, कामगारांच्या वहीचे पान आणि पावतीचा नमुना विहाराच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवले आहेत. ज्याला पाहिजे त्याने रविवारी वंदनेनंतर मागून न्यावे. झेरॉक्सचे पैसे आपले आपण आणावेत, मूळ प्रत घरी नेऊ नये. मागे एकाने नेली ती दोन महिन्यांनी हळदीच्या डागासकट परत आली.

२०१५ च्या सभेत पावती मागणाऱ्या मावशी आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या मोरीचे काम दिवाळीनंतर निघायचे आहे. दोन अंदाजपत्रके आली, तिसरे यायचे आहे. मापे घ्यायला आम्ही बुधवारी संध्याकाळी सात वाजता टेप घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत. कुणाला शिकायचे असेल त्याने वही-पेन घेऊन यावे, खोली लहान आहे, तिघांहून जास्त नकोत.